पाच हजार फ्यूग आणि एक धडा

काउंटरपॉइंटला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी नाद सोडला. 'प्रतिस्वर' वगैरे शब्द पाडता येतील, पण ते वाचून कुणालाच काही कळणार नाही. त्यापेक्षा काय असतं ते सरळच सांगतो.

आपल्या संगीतात एका वेळी एकच धून चालते. गायक गातो, मागे तानपुरा असतो, हार्मोनियम किंवा सारंगी गायकाच्या पावलावर पाऊल टाकत जाते. काउंटरपॉइंट म्हणजे दोन, तीन, चार धुना एकाच वेळी. त्यातली प्रत्येक धून सुटी काढून गुणगुणता आली पाहिजे आणि सगळ्या एकत्र वाजल्या की गोंगाट न होता गोड लागलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा!

याची हलकीशी झलक आपल्या कानांवरून गेलेली आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत लता गात असते आणि मागे व्हायोलिनांचा ताफा भलतीच ओळ वाजवत असतो, तरी दोन्ही एकमेकांना बिलगून जातात. त्याला आपल्याकडचे वादक 'काउंटर मेलडी' म्हणत. त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा मूळचे गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं गेलं, त्या परंपरेतून आलेले बरेच वादक मुंबईच्या स्टुडिओंत होते. पण तिथे गायिका मालकीण आणि व्हायोलिनं पाहुणी. अस्सल काउंटरपॉइंटमध्ये मालक कुणीच नसतो, सगळे बरोबरीचे. त्यातला सगळ्यात मानाचा प्रकार फ्यूग. एक आवाज विषय मांडतो. तो संपतो न संपतो तोच दुसरा तोच विषय पंचमावरून सुरू करतो आणि पहिला गप्प न बसता काहीतरी वेगळं बोलत राहतो. मग तिसरा येतो, मग चौथा. (आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा अशाच असतात, फक्त शेवटी सूर जुळत नाही.)

हे काम युरोपात ज्यांना चोख येत होतं, त्यांचं इतिहासात पुढे काय झालं, हा माझा या विकांताचा विषय. काम चोख येणं आणि इतिहासात जागा मिळणं यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे त्यातून फार छान दिसतं.

सुरुवात योहान योझेफ फुक्सपासून करू. ऑस्ट्रियातल्या ग्राझजवळच्या खेड्यात १६६० च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि १७१५ मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराचा मुख्य संगीतकार झाला. दरबारात वजन किती? १७२३ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याचा प्रागमध्ये बोहेमियाचा राजा म्हणून अभिषेक झाला, तेव्हा फुक्सचा ऑपेरा उघड्या मैदानात झाला. फुक्सला संधिवाताने चालवत नव्हतं, तर सम्राटाने त्याला व्हिएन्नाहून प्रागपर्यंत पालखीतून आणवला. ही हकीकत त्या ऑपेरात वाजवायला बसलेल्या क्वांट्झ या नामांकित बासरीवादकाने लिहून ठेवली आहे. आज तो ऑपेरा कोण ऐकतं? त्याच्या शेकडो रचना आहेत, बहुतेक कपाटात.

पण १७२५ मध्ये त्याने लॅटिनमध्ये एक पाठ्यपुस्तक लिहिलं, 'ग्रादुस आद पार्नासुम'. खर्च सम्राटाने केला. गुरू आणि शिष्य यांचा संवाद आहे. शिष्याचं नाव योझेफुस, म्हणजे फुक्स स्वतः. गुरू अलोइसियुस म्हणजे पॅलेस्ट्रिना, रोमचा चर्चसंगीतकार, जो १५९४ मध्येच वारला होता. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हाच त्यातली शैली एकशेतीस वर्षं जुनी! आमच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात आणि नाक मुरडतात.

पुस्तकाची पद्धत मात्र कमालीची साफ आहे. संथ स्वरांची एक ठरलेली ओळ द्यायची आणि तिच्यासमोर दुसरी रचायची. आधी एका स्वराला एक स्वर. मग एकाला दोन, मग एकाला चार. तबला शिकलेल्यांना दुगुन-चौगुन आठवेल. मग दुसरी ओळ अर्धी मात्रा मागे ठेवून, म्हणजे सूर लांबून पुढच्या सुराला क्षणभर घासतो आणि मग सुटतो. शेवटी सगळं मिसळून. आणि नियम कडक. दोन आवाज लागोपाठ पंचमाच्या किंवा सप्तकाच्या अंतराने एकाच दिशेला सरकले तर चूक. का? तानपुऱ्याजवळ बसलेल्याला हे लगेच पटेल. सा आणि प एकमेकांत इतके विरघळतात की कानाला एकच वस्तू वाटते. दोन धुना अशा जोडीने चालायला लागल्या की दोन राहतच नाहीत. 'समांतर पंचम नको' हा नियम कुणा खडूस मास्तराची लहर नाही. दोन्ही माणसं स्वतंत्र राहिली पाहिजेत, एवढंच त्यात म्हटलेलं आहे.

हायडन हे पुस्तक घेऊन एकट्याने शिकला. त्याने मोत्झार्टच्या पिढीला वाट करून दिली, बीथोवनला शिकवताना तेच पुस्तक वापरलं. मोत्झार्टने टॉमस अ‍ॅटवुड या इंग्रज शिष्याला शिकवलं, त्या वह्या टिकल्या आहेत, त्यातही फुक्सचीच पद्धत दिसते. बाखच्या संग्रहातही त्याची प्रत होती. बाख शेवटच्या वर्षांत फुक्सला फार मानायचा, असं त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप इमानुएलने, १७७५ मध्ये लिहून कळवलं. आणि त्याच मुलाने हेही सांगितलं की शिष्यांना शिकवताना मात्र वडील फुक्सच्या कोरड्या पायऱ्या गाळून थेट चार आवाजांपासून सुरुवात करत. गंमत आहे की नाही? पालखीतून गेलेला माणूस आज फक्त पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर उरला आहे.

आता बाखकडे येतो. काउंटरपॉइंटमध्ये त्याच्या वर कोणी नाही, यावर आज भांडण नाही. त्याच्या हयातीत होतं. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे नावाच्या तरुण समीक्षकाने हँबुर्गच्या आपल्या नियतकालिकात बाखचं नाव न घेता त्याला झोडपलं. सार असं की हा माणूस थोर वादक आहे खरा, पण त्याचं संगीत बोजड आणि गुंतागुंतीचं आहे, सगळे आवाज एकाच वेळी सारख्या जोराने बोलतात आणि मुख्य धून कुठली तेच कळत नाही, कारागिरीच्या ओझ्याखाली सौंदर्य दबून जातं. (शायबेने काही वर्षांपूर्वी लाइपझिगमध्ये ऑर्गनवादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, परीक्षकांत बाख होता आणि जागा मिळाली नव्हती. असो.)

पण शायबेला नुसता मत्सरी म्हणून निकालात काढणं बरोबर नाही. तो त्याच्या काळाची आवड बोलून दाखवत होता. लोकांना आता एक सुरेख धून आणि खाली हलकी साथ हवी होती. १७३७ साली 'सगळे आवाज सारखे महत्त्वाचे' ही कल्पनाच जुनाट झाली होती. जे आज बाखचं वैभव वाटतं तेच तेव्हा त्याचं दूषण होतं, शब्दशः तेच.

यावर बाखने काय केलं? आवडीप्रमाणे बदलला? छे. म्हातारपणी आणखीच खोल शिरला. डी मायनरमधला एकच साधा विषय घेऊन त्याने चौदा फ्यूग आणि चार कॅनन रचायला घेतले. विषय सरळ, मग उलटा, मग दुप्पट लांब, मग निम्मा. काही फ्यूग तर असे की अख्खं पान आरशात बघितल्यासारखं उलटं केलं तरी वाजतं. हा 'फ्यूगची कला' नावाचा ग्रंथ. कुठल्या वाद्यासाठी, तेसुद्धा त्यावर लिहिलेलं नाही. शेवटच्या फ्यूगमध्ये तिसरा विषय म्हणून स्वतःचंच नाव येतं. जर्मन स्वरलिपीत बी-ए-सी-एच ही चार अक्षरं म्हणजे आपल्या भाषेत कोमल नि, ध, सा, शुद्ध नि. ते नाव आल्यावर थोड्याच वेळात कागद संपतो. फ्यूग अपुरा. हे लिहिता लिहिताच त्याने प्राण सोडला अशी नोंद मुलाने केली आणि ती गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण हस्ताक्षरावरून अभ्यासक म्हणतात की ते पान मृत्यूच्या वर्षभर तरी आधीचं असावं. मला ही दुसरी हकीकत जास्त चटका लावते. म्हणजे तो अपुरा ठेवून बाख आणखी काही महिने जगला.

बाख २८ जुलै १७५० ला वारला. ग्रंथ १७५१ मध्ये छापला, १७५२ मध्ये नवी प्रस्तावना घालून पुन्हा काढला. १७५६ मध्ये मुलाने जाहीर केलं की सुमारे तीस प्रती खपल्या आहेत, तेव्हा छपाईचे तांब्याचे पत्रे विकायचे आहेत. तीस प्रती. मराठी कवितासंग्रहवाल्यांनी धीर धरावा :-)

इथून पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत अशी असते: बाख विस्मरणात गेला आणि १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सनने बर्लिनमध्ये 'सेंट मॅथ्यू पॅशन' सादर करून त्याला जिवंत केलं. मैफिलीतल्या लोकांपुरतं ते खरं आहे. धंद्यातल्या लोकांपुरतं मुळीच नाही. 'वेल टेम्पर्ड क्लाविअर'मधले अठ्ठेचाळीस प्रिल्यूड आणि फ्यूग पहिल्यांदा छापले गेले १८०१ मध्ये. त्याआधीची पन्नास वर्षं ते नुसते हाताने उतरवले जात होते. शिष्य उतरवायचा, मग त्याचा शिष्य. आपल्याकडे बंदिशींच्या वह्या फिरायच्या तसंच, फक्त लपवाछपवी कमी. बॉनमध्ये नेफे नावाच्या ऑर्गनवादकाकडे अशी एक प्रत होती, आणि त्याने १७८३ मध्ये छापून कळवलं की माझा एक लहान विद्यार्थी यातलं बहुतेक सगळं वाजवतो. विद्यार्थ्याचं नाव बीथोवन.

मोत्झार्टची गोष्ट आणखी मजेदार. १७७० मध्ये चौदा वर्षांचा असताना बोलोन्याच्या नामांकित अकादमीच्या सभासदत्वासाठी त्याची परीक्षा झाली. रिवाजाप्रमाणे खोलीत कोंडायचं, एक जुनी चर्चची ओळ द्यायची आणि तिच्यावर जुन्या कडक शैलीत बाकीचे आवाज रचायला सांगायचं. पोराने तासाभराच्या आत पेपर दिला. सगळीकडे जयजयकार! पण कागद बोलतात. मोत्झार्टने स्वतः रचलेली आवृत्ती वेगळी आहे. पाद्रे मार्तिनी, म्हणजे काउंटरपॉइंटचा त्या काळातला युरोपातला सगळ्यात मोठा गुरू, त्याच्या हातची दुरुस्त आवृत्ती वेगळी आहे. आणि मोत्झार्टच्या हस्ताक्षरात तिची केलेली नक्कलही आहे. म्हणजे कॉपी, तीही परीक्षकांच्या आशीर्वादाने. अकादमीच्या दफ्तरात शेरा आहे तो एवढाच, की परिस्थिती पाहता काम पुरेसं आहे. जगातल्या सगळ्यात हुशार पोराला ही एक गोष्ट उपजत येत नव्हती, ती त्याला शिकावीच लागणार होती.

शिकला तो बारा वर्षांनी. फान स्वीटन नावाचे एक बॅरन बर्लिनमध्ये ऑस्ट्रियाचे राजदूत होते, तिथे त्यांना बाखचं वेड लागलं आणि ते त्याच्या हस्तलिखितांच्या प्रती व्हिएन्नाला घेऊन आले. १७८२ च्या एप्रिलमध्ये मोत्झार्ट वडिलांना लिहितो की मी दर रविवारी दुपारी बाराला बॅरनकडे जातो आणि तिथे हँडेल आणि बाख सोडून काही वाजत नाही. बायको कॉन्स्टान्त्सेला फ्यूग इतके आवडले की ती याच्या मागे लागली, तुम्ही का नाही रचत? रचायला गेला तर कितीतरी अर्धवटच राहिले. मोत्झार्टच्या नावावर अपुऱ्या फ्यूगांचा ढीग आहे. इतर वेळी पाणी वाहावं तसं लिहिणारा माणूस इथे अडखळतो, हे बघून बरं वाटतं.

पण मग १० ऑगस्ट १७८८ ही तारीख असलेली 'ज्युपिटर' सिंफनी. तिच्या शेवटच्या भागाची सुरुवात चार स्वरांनी होते: सा रे म ग. ही चार स्वरांची गोटी त्याची नाही. चर्चसंगीतात आणि काउंटरपॉइंटच्या वह्यांत ती कधीची पडलेली होती, हायडननेही वापरली होती. मोत्झार्ट त्यात आणखी चार विषय आणतो, सगळे चटपटीत, नाटकातल्या पात्रांसारखे, आणि अगदी शेवटी पाचही एकदम एकमेकांवर चढवतो. अर्ध्या मिनिटाचा खेळ असेल. पहिल्यांदा ऐकताना नुसता आनंदाचा कल्लोळ वाटतो, हिशेब दिसतच नाही. शायबेची तक्रार होती की कारागिरी सौंदर्याला झाकते. त्याला माझ्या मते याहून चांगलं उत्तर नाही, फक्त ते यायला एक्कावन्न वर्षं लागली.

बीथोवनचं थोडक्यात. १७९२ च्या अखेरीस तो व्हिएन्नाला हायडनकडे आला. त्याने सोडवलेले दोनशेहून जास्त पाठ टिकले आहेत आणि हायडनने त्यातले थोडेच तपासलेले दिसतात. सीनिअर जसा कोड न वाचताच 'ठीक आहे' लिहून मोकळा होतो तसं. १७९४ मध्ये हायडन लंडनला गेल्यावर पोरगा आल्ब्रेख्ट्सबर्गरकडे गेला. हा कडक. ओळ न् ओळ तपासायचा. व्हिएन्नातला पहिल्या प्रतीचा काउंटरपॉइंटवाला. त्याच्या स्वतःच्या रचनांपैकी आज कशाची चर्चा होत असेल तर ती मोरचंगेसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोंची! हो, मोरचंग, दातांत धरून वाजवतात ती, तिची युरोपातली बहीण. बाकी त्याची ओळख काय, तर 'बीथोवनचा मास्तर'. आणि त्या मास्तराकडे गिरवलेलं बीथोवनने तीस वर्षांनी 'ग्रोसं फुगं'मध्ये बाहेर काढलं, तर १८२६ च्या पहिल्या प्रयोगाला लोकांना काही कळलं नाही. प्रकाशकाने गोडीत सांगितलं की हा शेवट वेगळा छापू, चौकडीसाठी दुसरा लिहून द्या. बीथोवनने चक्क दिला.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तो माणूस. झिमोन झेख्टर, जन्म १७८८, बोहेमिया. १८२४ पासून व्हिएन्नाच्या दरबाराचा ऑर्गनवादक. याचा नेम असा की रोज एक फ्यूग लिहायचा. संध्या करावी तसा. एकूण पाच हजारांच्या वर झाले असं सांगतात. फुक्सचे सगळे नियम आणि त्यापुढचे शंभर त्याच्या बोटांत होते. निव्वळ कसबावर इतिहासात जागा मिळत असती तर याचा पुतळा बाखशेजारी उभा राहायला हवा होता.

४ नोव्हेंबर १८२८ ला त्याच्याकडे एक एकतीस वर्षांचा माणूस एका मित्राला घेऊन धडा घ्यायला आला. नाव फ्रान्झ शूबर्ट. सहाशेच्या वर गाणी, मोठी सी मेजर सिंफनी, त्याच वर्षी लिहिलेली स्ट्रिंग क्विंटेट, एवढं सगळं खिशात असलेला माणूस काउंटरपॉइंटच्या क्लासला आला! त्याला काही येत नव्हतं असं नाही. लहानपणी सालिएरीने शिकवलं होतं, त्याच वर्षी त्याने एक ऑर्गनचा फ्यूग आणि फ्यूगांनी भरलेला एक मासही लिहिला होता. तरी त्याला वाटलं, आपलं इथे कच्चं आहे. पुढचा धडाही ठरला. पण तो अंथरुणाला खिळला आणि १९ नोव्हेंबरला गेला. त्या एका धड्याचे पाठ राहिले आहेत. झेख्टरने त्याच्या स्मरणार्थ काय लिहिलं असेल? फ्यूग.

लोक हा प्रसंग दोन प्रकारे सांगतात. एक, एवढ्या प्रतिभावंताला त्या शुष्क मास्तराची गरज काय होती. दोन, शूबर्टचा तांत्रिक पाया कच्चा होता हे यावरून सिद्ध होतं. मला दोन्ही पटत नाहीत. शूबर्टला झेख्टर व्हायचं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत जे लिहायचं त्यासाठी त्याला एक हत्यार हवं होतं, आणि ते ज्याच्याकडे होतं त्याच्याकडे तो गेला. ती दहा वर्षं मिळाली नाहीत, एवढंच.

झेख्टरकडे मात्र आणखी एकजण आला. १८५५ मध्ये, तिशीतला, खेडवळ, भाबडा आन्टोन ब्रुकनर. सहा वर्षं तो शिकला, बहुतेक पत्राने. अट अशी की शिकणं चालू आहे तोवर स्वतःचं काही रचायचं नाही. ब्रुकनरने पाळली. वह्यांच्या वह्या भरून पाठवायचा, इतक्या की झेख्टरनेच त्याला प्रकृतीला जप म्हणून लिहिलं. १८६१ मध्ये परीक्षा देऊन ब्रुकनर मोकळा झाला आणि त्यानंतर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, सिंफनी लिहायला बसला. त्याच्या पाचव्या सिंफनीच्या शेवटी फ्यूग आणि कोराल यांची जी प्रचंड चढण आहे, ती त्या सहा वर्षांवाचून उभी राहिलीच नसती.

झेख्टर १८६७ मध्ये हलाखीत वारला. व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीतली त्याची जागा पुढच्या वर्षी ब्रुकनरला मिळाली, आणि तो वर्गात झेख्टरच्याच पुस्तकावरून शिकवायचा. पाचवी सिंफनी पूर्ण ऑर्केस्ट्राने पहिल्यांदा वाजली १८९४ मध्ये ग्राझला, फुक्सच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. ब्रुकनर आजारी होता, जाऊ शकला नाही. त्याने ती कधीच ऐकली नाही.

झेख्टरच्या पाच हजारांपैकी दोन-तीन फ्यूग मी ऐकले. नीटनेटके आहेत. एकही समांतर पंचम नाही.